बेल्टचा दिवा लागतो तेव्हा क्रू उभा असतो

२१ मे २०२४. लंडनहून सिंगापूरला निघालेलं सिंगापूर एअरलाइन्सचं बोईंग ७७७ म्यानमारवरून जात होतं. उंची ३७ हजार फूट, केबिनमध्ये नाश्त्याची वेळ. विमान आधी नुसतं थरथरायला लागलं. अकरा सेकंदांनी एका वैमानिकानं सीटबेल्टचा दिवा लावल्याचं कॉकपिटमध्ये मोठ्यानं सांगितलं. त्यानंतर आठव्या सेकंदाला टर्ब्युलन्सचा, म्हणजे खवळलेल्या हवेचा, तो हादरा बसला, ज्यात एका प्रवाशाचा जीव गेला आणि कित्येकांच्या पाठी, माना, डोकी जायबंदी झाली. सिंगापूरच्या तपासयंत्रणेनं फ्लाइट रेकॉर्डरवरून काढलेले आकडे असे: उभ्या दिशेचा भार अधिक १.३५ जीवरून उणे १.५ जीवर गेला, तेही ०.६ सेकंदात. पुढच्या चार सेकंदांत तो परत अधिक १.५ वर आला.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण क्रूची हाडं का मोडतात याचं उत्तर त्यातच आहे. सरळ उडणाऱ्या विमानात आपल्यावर अधिक १ जी असतो, म्हणजे आपलं नेहमीचं वजन. शून्य झालं की माणूस तरंगतो. उणे झालं की विमान आपल्यापेक्षा जोरात खाली जातं आणि छत आपल्या अंगावर येतं. उणे १.५ जी म्हणजे आपण छताकडे 'पडतो', आणि तेही जमिनीवर पडतो त्याच्या दीडपट त्वरेनं. डोकं आणि छत यांच्यात ४० सेंटिमीटर मोकळी जागा असेल तर टक्कर व्हायला पाव सेकंदही लागत नाही. हात वर न्यायलासुद्धा तेवढा वेळ पुरत नाही.

दुसरा मार परतीचा. माणूस छतापाशी असतानाच भार अधिक होतो आणि आता जमीन वर येते. अधिक १.५ जी असताना अर्ध्या मीटरवरून पडणं म्हणजे घरी पाऊण मीटरवरून पडणं. उंची ऐकायला किरकोळ वाटते, पण इथं पाय खाली नसतात. माणूस आडवा, तिरका, ट्रॉलीच्या कडेवर, सीटच्या हातावर किंवा पाय मुडपून पडतो. घोटा, नडगी, बरगड्या, मणके यांना मार बसतो तो बहुतेक वेळा या पडण्यात. छताला डोकं आपटणं बातमीत येतं, घोट्याचं फ्रॅक्चर येत नाही. क्रूच्या नोकरीच्या दृष्टीनं मात्र घोटा महिनोन्महिने घरी बसवतो.

आपल्याकडे याला 'एअर पॉकेट' म्हणायची सवय आहे. विमान हवेच्या खड्ड्यात पडलं, हजारो फूट खाली आलं, असं प्रवासी सांगतात. हवेत खड्डा नसतो. वर-खाली वाहणारे झोत असतात आणि विमान एकातून दुसऱ्यात शिरतं. वरच्या घटनेत विमानानं गमावलेली उंची होती १७८ फूट, साधारण ४.६ सेकंदांत. एवढ्यावर इतकी माणसं मोडली. घात उंचीनं केला नाही, भार किती झटक्यात बदलला त्यानं केला.

आता क्रूकडे येऊ. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या, एफएएच्या, नोंदीनुसार २००९ ते २०२२ या काळात तिथल्या विमानांत टर्ब्युलन्समुळे १६३ जणांना गंभीर इजा झाली. त्यात प्रवासी ३४ आणि क्रू १२९. एका विमानात प्रवासी शंभर-दोनशे आणि केबिन क्रू चार-पाच, हे डोळ्यांसमोर ठेवून तो आकडा परत वाचा. तिथल्या अपघात तपासणाऱ्या एनटीएसबीनं २०२१ मध्ये या विषयावर सविस्तर अहवाल काढला. एअरलाइन्सच्या एकूण अपघातांतले एक तृतीयांशाहून जास्त अपघात टर्ब्युलन्सचे निघाले, आणि त्यातल्या बहुतेकांत विमानाला ओरखडाही नव्हता. विमान शाबूत, माणूस मोडलेला.

कारण अगदी साधं आहे. बेल्टचा दिवा लागला की प्रवाशाचं एकच काम असतं, बेल्ट लावणं. क्रूची कामं त्याच क्षणी वाढतात. घोषणा करायची, सगळ्यांचे बेल्ट बघायचे, उभ्या असलेल्यांना बसवायचं, टॉयलेटचं दार वाजवायचं, ट्रॉली मागे न्यायची, ती जागेवर लॉक करायची, गॅलीतली, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरातली, उघडी लॅच (खिट्ट्या) लावायची, गरम भांडी आवरायची. हे सगळं झालं की मग जंपसीट, म्हणजे क्रूची मिटणारी सीट. म्हणजे ज्या मिनिटांत धोका सगळ्यात जास्त, त्याच मिनिटांत विमानातली फक्त चार-पाच माणसं उभी असतात, आणि ती कोण हे ठरलेलं असतं. शिवाय मनात भीती असतेच की कुणा प्रवाशाचा बेल्ट नसेल, त्याला लागलं तर आपल्यावर येईल. म्हणून क्रू आणखी एक फेरी मारतो. हे चांगुलपण आहे, आणि हाडं मोडतात ती याच चांगुलपणात.

त्यातही मागची गॅली वाईट. विमान नाक वर-खाली करतं ते आपल्या गुरुत्वमध्याभोवती, आणि तो साधारण पंखांपाशी असतो. ७३७-८०० साडेएकोणचाळीस मीटर लांब आहे. झोक्याच्या फळीवर मधे बसलेल्याला जे जाणवतं आणि टोकाला बसलेल्याला जे जाणवतं, तोच फरक पंखाजवळच्या रांगेत आणि मागच्या गॅलीत असतो. शेपूट आडवीही हलते. मागच्या गॅलीत डोक्यावर मऊ काही नाही: धातूच्या कडा, लॅच, ओव्हनचे दांडे. आणि क्रूचं निम्मं काम तिथंच चालतं. यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. कॉकपिटमध्ये हलके गचके वाटत असतील तेव्हा मागे उभं राहणं अवघड झालेलं असू शकतं. वैमानिकाला ते कळत नाही, तो पुढे बसलाय आणि बांधलेला आहे. मागच्या क्रूनं इंटरकॉम उचलून सांगायलाच हवं: इथं चालता येत नाही, आम्ही सेवा थांबवतोय. त्यासाठी परवानगीची वाट बघायची नसते. दिवा लागलेला नसला तरी क्रूला स्वतःहून बसता येतं, आणि नव्या मुलामुलींना ही गोष्ट पहिल्या आठवड्यातच ठासून सांगायला हवी.

ट्रॉलीबद्दल जरा थांबून बोलावं लागेल. पूर्ण आकाराची ट्रॉली सुमारे १०३ सेंटिमीटर उंच, ८१ लांब आणि ३० रुंद असते. जेवणं आणि पेयं भरली की तिचं वजन ८० ते १०० किलोच्या घरात जातं. खाली दोन पेडल: लाल दाबलं की ब्रेक, हिरवं दाबलं की मोकळी. ब्रेक दाबला की ट्रॉली सुरक्षित झाली असं सगळ्यांना वाटतं, आणि इथंच फसगत होते. ब्रेकचा उपयोग चाकांवर वजन आहे तोवरच. भार उणे झाला की ट्रॉलीची चाकं जमीन सोडतात आणि लाल पेडलला काही अर्थ उरत नाही. ती उडते, तिरकी होते आणि शंभर किलोचं ते कपाट कुणाच्या तरी पायावर किंवा मांडीवर उतरतं. ब्रेक आडव्या सरकण्याला रोखतो, उडण्याला नाही. उडण्याला रोखतं ते फक्त गॅलीतलं तिचं घर, तेही सगळी लाल लॅच फिरवलेली असतील तर.

म्हणून सेवेच्या वेळची शिस्त ट्रॉलीच्या माथ्यावरून सुरू होते. वर उघड्या बाटल्या, काचेच्या वस्तू, बर्फाची बादली, कॉफीचा जग अशी रास रचलेली असते, कारण त्यानं हात पटापट चालतो. लागणारं तेवढंच वर आणि बाकी खणात, हे हळू वाटतं, पण ट्रॉली हादरली की डोक्यावर येणारी पहिली वस्तू माथ्यावरचीच असते. ट्रॉलीचं दार प्रत्येक वेळी लॅच करायचं. नुसतं ढकलून बंद केलेलं दार झुकावाबरोबर उघडतं आणि ट्रे सुरीसारखे बाहेर येतात. थांबलं की ब्रेक, अगदी दोन प्रवाशांपुरतं थांबलं तरी. आणि ट्रॉली एकटी सोडून गॅलीत काहीतरी आणायला जायचं नाही.

गॅलीतही तेच. कप्प्यांना मूळ कुलपाशिवाय वर फिरवायचे लाल लॅच असतात. सेवेत दहादा उघडायचं म्हणून ते आडवे लावायचे राहून जातात. प्रत्येक डब्यात कित्येक किलो माल असतो आणि वरचे डबे डोक्याच्या उंचीवर असतात. एक कप्पा उघडला, वस्तू काढली, लॅच फिरवलं, मग पुढचा. हे हाताच्या वळणी पडलं की वेळ लागत नाही. आपण स्वयंपाकघरात गॅस बंद केल्याशिवाय बाहेर पडत नाही, तितकं ते अंगवळणी पडायला हवं.

गरम कॉफी आणि चहा. सुमारे ७० अंशांचं पाणी कातडीला एका सेकंदात खोल भाजतं, आणि ब्रूअरमधून आलेलं पाणी त्याहून गरम असतं. जग अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये, झाकण लावलेलं असावं, कप तीन चतुर्थांशाच्या वर नको, आणि कप प्रवाशाच्या हातात न देता ट्रेवरून द्यावा. हलके गचके चालू झाले की गरम पेयं पहिली बंद, बाकी सेवा नंतर. अचानक जोराचा हादरा आला आणि हातात जग असेल तर तो जमिनीवर ठेवायचा, ट्रॉलीवर नाही. ओतून टाकायला गॅलीपर्यंत धावायचं नाही. भाजलंच तर २० मिनिटं थंड पाणी. विमानात नळाची धार बारीक, म्हणून पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या सरळ ओतायच्या. बर्फ थेट लावू नये. अंगाला चिकटलेलं कापड ओढू नये, पण अंगठी, घड्याळ सूज यायच्या आत काढावं.

आता हादरा न सांगता आला तर काय करायचं. प्रशिक्षणात शिकवतात ते थोडक्यात असं: आहे तिथं, आत्ता. ट्रॉलीचा ब्रेक, गरम जग खाली, आणि सगळ्यात जवळची रिकामी सीट. ती पहिल्या वर्गाची असो की कुणाच्या बॅगेनं अडलेली, बॅग ढकला आणि बसा. जंपसीटपर्यंत पोचायचा प्रयत्न करायचा नाही. चार रांगा पलीकडची जंपसीट त्या क्षणी पुण्याइतकी लांब असते. बेल्ट लावायचा, कमरेवर खाली, घट्ट. सीट रिकामी नसेल तर मधल्या वाटेत बसायचं आणि हात सीटच्या हाताखालून घालून किंवा सीटच्या पायाला विळखा घालून धरायचं. सीटची पाठ धरू नये, कित्येक विमानांत ती पुढे मोडते. टॉयलेटमध्ये असाल तर झाकण पाडून बसायचं आणि भिंतीवरचा दांडा धरायचा. गॅलीत असाल तर दाराजवळचा दांडा, आणि शक्य तितकं खाली. उभं राहून दोन हातांनी धरलं की आपण वाचलो असं वाटतं, पण उणे १.५ जीला आपल्या वजनाच्या दीडपट ओढ वरच्या दिशेनं लागते. मनगटाच्या जोरावर ती पेलत नाही. बसलेला, अडकलेला माणूस टिकतो.

आणि या वेळी कुणाचा बेल्ट तपासायचा नाही. सांडलेलं पुसायचं नाही. पडलेली पिशवी उचलायची नाही. ओरडून सांगायचं, बसल्या जागेवरून: बेल्ट लावा, बसून राहा. एवढंच. हे क्रूला जड जातं, विशेषतः समोर लहान मूल मांडीवर घेतलेली बाई दिसत असेल तर. पण छताला आपटलेला क्रू त्या मुलाच्या कामाचा राहत नाही.

जंपसीटवर पोचलात तर तिचीही एक खोड लक्षात ठेवा. ती स्प्रिंगची असते आणि वजन उचललं की आपोआप मिटते, दार अडू नये म्हणून. घाईत अर्धवट टेकलेला माणूस उसळला की खाली सीटच नसते. म्हणून पूर्ण बसायचं, पाठ टेकून. आधी कमरेचा पट्टा, खाली ओढून घट्ट; मग खांद्याचे दोन. खांद्याचे पट्टे गुंतले म्हणून कमरेचा लावायचा राहिला, असं व्हायला नको. कमरेचा एकटा लागला तरी माणूस जागेवर राहतो. पावलं जमिनीवर सपाट, हात मांडीवर, डोकं टेकवलेलं.

न सांगता येणारे हादरे किती, आणि सांगता येण्याजोगे पण न सांगितलेले किती, हा वेगळा प्रश्न. विमानाचं रडार पाण्याचे थेंब बघतं. वादळी ढगाचं पोट त्याला लालभडक दिसतं, पण ढगाचा माथा बर्फकणांचा असतो आणि तो फिका दिसतो. निरभ्र हवेतला टर्ब्युलन्स तर दिसतच नाही, कारण तिथं थेंबच नाहीत. तो जेट स्ट्रीमच्या, म्हणजे उंचावरून वेगानं वाहणाऱ्या वाऱ्याच्या झोताच्या, कडेला असतो, जिथं थोड्याच उंचीत वाऱ्याचा वेग झपकन बदलतो. हिवाळ्यात ती जेट उत्तर भारतावरून वाहते. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या अभ्यासात असं दिसलं की उत्तर अटलांटिकवर एका सर्वसाधारण ठिकाणी वर्षातून तीव्र निरभ्र टर्ब्युलन्स असणारे तास १९७९ मध्ये १७.७ होते, ते २०२० पर्यंत २७.४ झाले. त्यामुळे 'पूर्वी एवढं नव्हतं' असं जुना क्रू म्हणतो त्यात तथ्य आहे.

१८ डिसेंबर २०२२ ला फिनिक्सहून होनोलुलूला जाणाऱ्या हवाईयन एअरलाइन्सच्या ए३३० समोर एक ढग धुराच्या लोटासारखा सरळ वर आला, काही सेकंदांत. वळायला वेळ नव्हता. कॅप्टननं लगेच मुख्य क्रूला फोन केला, आणि तो फोन झाल्यावर एक ते तीन सेकंदांत विमान त्यात होतं. फोन केला हे बरोबरच. पण तीन सेकंदांत क्रूनं करायचं काय? 'बसा' हा एक शब्द सगळ्यांना ऐकू जाईल असा पीएवर (केबिनच्या स्पीकरवर) बोलणं हे एका व्यक्तीला फोन करण्यापेक्षा जास्त कामाचं. वेळ नसेल तेव्हा मधला निरोप्या नको.

वेळ असेल तेव्हा मात्र निरोप पुरता हवा. उड्डाणाआधीच्या ब्रीफिंगमध्ये 'थोडं बंपी असेल' एवढं ऐकून क्रू काही ठरवू शकत नाही. क्रूला चार गोष्टी हव्या असतात: किती जोराचे, किती मिनिटांनी, किती वेळ, आणि संपलं हे कोण, कसं सांगणार. 'उड्डाणानंतर ४० मिनिटांनी, मध्यम, साधारण २० मिनिटं, मी सांगेन तोवर बसून राहा' असं कळलं तर लीड, म्हणजे केबिन क्रूची प्रमुख, सेवेचा क्रम बदलते, गरम पदार्थ आधी किंवा नंतर घेते, ट्रॉली बाहेरच काढत नाही. चौथी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. शांत झालं, पण सांगितलं कुणी नाही. मग पंधरा मिनिटांनी क्रू आपल्या अंदाजानं उठतो आणि दुसरा हादरा तेव्हा येतो. दिवा तासभर उगाच लावून ठेवण्याचाही हाच तोटा. त्यावरचा विश्वास उडतो, प्रवासी उठायला लागतात आणि त्यांना बसवायला क्रू उठतो.

पण माझ्या मते खरा इलाज इशाऱ्यात नाही, सेवेच्या वेळेत आहे. विमान उतरणीला लागल्यावर धोका वाढतो. खाली ढग असतात, आणि क्रू नेमका तेव्हाच सगळ्यात धावपळीत असतो: कचरा गोळा करणं, ट्रॉल्या लावणं, केबिन तपासणं. विमान साधारण दर हजार फुटांना तीन सागरी मैल या हिशोबानं उतरतं, म्हणजे ३७ हजार फुटांवरून शेवटचे ११० मैल, सुमारे २५ मिनिटं. ही २५ मिनिटं कुणाची, सेवेची की बेल्टची, एवढाच प्रश्न आहे. अमेरिकेतल्या साउथवेस्टनं डिसेंबर २०२४ पासून केबिनची आवराआवर १० हजारऐवजी १८ हजार फुटांवरच संपवायला सुरुवात केली. कोरियन एअरनं जुलै २०२४ पासून मध्यम आणि लांब पल्ल्यावर सेवा उतरण्याच्या ४० मिनिटं आधी बंद केली, पूर्वी ती २० मिनिटं आधी होत असे; आणि ऑगस्टपासून इकॉनॉमीत गरम पाण्याचे कप नूडल्सच बंद करून टाकले. सिंगापूर एअरलाइन्सनं वरच्या घटनेनंतर तीनच दिवसांत जाहीर केलं की बेल्टचा दिवा असताना गरम पेयंच काय, जेवणही वाढायचं नाही आणि क्रूनंही बसायचं. यातल्या एकाही निर्णयाला नवं यंत्र लागलं नाही.

आपल्याकडच्या छोट्या मार्गांवर हे जास्त कडक हवं. मुंबई-गोवा विमान सपाट पातळीवर असतं फार थोडा वेळ. तेवढ्यात चार जणांनी १८० माणसांना विचारायचं, वाढायचं, पैसे घ्यायचे, कचरा उचलायचा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सह्याद्रीवरचे ढग, मे महिन्यात दुपारी तापलेल्या दख्खनवरचे उष्ण झोत. अशा मार्गावर गरम पाणी ट्रॉलीवर नसलं तर कुणाचं काही बिघडत नाही. विक्री झाली नाही म्हणून क्रूला जाब विचारणं बंद झालं पाहिजे. ते दडपणच त्यांना उभं ठेवतं.

१ मे २०२२ ची मुंबई-दुर्गापूर घटना आठवते? स्पाइसजेटचं ७३७-८००, उतरणीत, पूर्वेकडचा वळवाचा काळ. १४ प्रवासी आणि तीन केबिन क्रू जखमी झाले, आणि एका प्रवाशाचा पुढे काही महिन्यांनी मृत्यू झाला. विमानात केबिन क्रू होते चार. नियमानं ५० सीटमागे एक, १८९ सीटला चार. त्या विमानाला केबिनच्या फरशीच्या पातळीची चार दारं असतात. चारपैकी तीन क्रू जखमी म्हणजे तीन दारांवरची माणसं जायबंदी. धावपट्टीवर आग लागली असती तर ती दारं कोण उघडणार होतं? केबिन क्रूची इजा हा फक्त क्रूचा प्रश्न नसतो तो असा.

म्हणून हादरा ओसरल्यावरचा पहिला हिशोब दारांचा. पण लगेच उठायचं नाही. दुसरा झटका येतो हे गृहीत धरायचं. इंटरकॉमवर प्रत्येक ठाण्यानं सांगायचं: मी ठीक, किंवा मी जखमी. लीड कॉकपिटला तीन गोष्टी सांगते: किती प्रवासी जखमी, किती क्रू, आणि कुठल्या दारावर माणूस नाही. कॅप्टनला मागे काय झालंय याची बऱ्याचदा कल्पनाच नसते आणि विमान वळवायचं की नाही हे त्यावर ठरतं. उठायला हरकत नाही असं कळल्यावर ठीक असलेल्या क्रूला दारं वाटून द्यायची, एका दारापाशी धडधाकट प्रवासी बसवून त्याला दार कधी आणि कसं उघडायचं ते समजावायचं. मान किंवा पाठ दुखते म्हणणाऱ्याला हलवायचं नाही, मग ती आपलीच सहकारी असो आणि गॅलीच्या मधोमध पडलेली असो. डोकं दोन्ही बाजूंनी धरायचं, आहे तसं. विमान उतरताना मात्र तिलाही बांधून ठेवण्याची सोय करावी लागते, आणि ती कशी याचा विचार उतरण सुरू व्हायच्या आत करायचा. डॉक्टर आहेत का अशी घोषणा, प्रथमोपचार पेटी, मग जमिनीवर रुग्णवाहिका किती हव्यात तो आकडा. काच आणि सांडलेलं सगळ्यात शेवटी.

ज्या क्रूला 'काही नाही, जरा आपटले' असं वाटतंय, तिनंही उतरल्यावर तपासणी करून घ्यावी आणि लेखी नोंद त्याच दिवशी करावी. आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे इजा 'गंभीर' कधी? अपघातापासून सात दिवसांत सुरू होऊन ४८ तासांहून जास्त काळ रुग्णालयात राहावं लागलं, किंवा हाड मोडलं (बोटं आणि नाकाचं साधं फ्रॅक्चर सोडून), आतल्या अवयवाला मार बसला, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाचं भाजलं, किंवा शरीराचा ५ टक्क्यांहून जास्त भाग कसाही भाजला. घोट्यातली बारीक चीर दहा दिवसांनी एक्सरेत दिसते. तोवर कागद नसेल तर ती चीर विमानातली हे सिद्ध करणं तिच्याच डोक्यावर येतं. कुठे उभी होते, हातात काय होतं, दिवा लागलेला होता का, घोषणा ऐकली का, किती वाजले होते: एवढं तरी लिहून ठेवावं.

प्रवाशांसाठी एकच गोष्ट, ती इथं लिहिण्याजोगी आहे कारण कुणी सांगत नाही. बसलेले असाल तेव्हा बेल्ट कायम, झोपताना पांघरुणावरून, म्हणजे बघायला क्रूला उठावं लागत नाही. आणि जोराचे हादरे चालू असताना वाटेत, तुमच्या सीटपाशी क्रू खाली बसली तर ती पडली असं समजून तिला उठवायला जाऊ नका. तुमचा बेल्ट घट्ट करा, मग तिचा दंड धरा, शेजाऱ्याला दुसरा खांदा धरायला सांगा, आणि दोघांनी खाली दाबून ठेवा. ती स्वतः 'सोडा' म्हणेपर्यंत.